एकच फाइल घे, पण शेवटपर्यंत सांभाळ

«वकील काकू, सप्रेम नमस्कार. मी इंदुरातल्या एका लॉ कॉलेजात बी.ए. एलएल.बी.च्या चौथ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात ‘विधिक सहायता केंद्र’ अशी पाटी लावलेली एक खोली आहे. ९ नोव्हेंबरला, विधी सेवा दिनाला, ती उघडते, बॅनर लागतो, फोटो निघतात आणि पुन्हा कुलूप पडतं. मला हे काम खरोखर शिकायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी सोडलं. दोन मुलं आहेत. त्यांनी मला विचारलं, “ताई, तुम्ही वकिली शिकताय ना? मुलांच्या फीचे पैसे त्याच्याकडून मिळतील का?” मी मोबाइलवर वाचून सांगितलं की आधी घटस्फोट घ्यावा लागेल. तेव्हापासून मनाला टोचणी लागलीय. बाबा म्हणतात, फुकटच्या कामाने पोट भरत नाही, पुण्या-मुंबईच्या एखाद्या फर्ममध्ये इंटर्नशिप कर. विद्यार्थी म्हणून मी नेमकं काय करू शकते? आणि पुढे वकील झाल्यावर असं काम करून संसार चालतो का? — एक विद्यार्थिनी, सुदामा नगर, इंदूर»

बेटा,

आधी मावशींचं बघू, कारण तिथे एकेक महिना वाया चाललाय. तू सांगितलंस ते बरोबर नव्हतं. पोटगी मागायला घटस्फोट लागत नाही. नवरा ऐपत असून सांभाळत नसेल आणि बायकोला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, तर लग्न कायम असतानाच ती स्वतःसाठी आणि अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) मुलांसाठी दरमहा रक्कम मागू शकते. हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ लागू झालंय. नवरा दुसऱ्या गावी निघून गेला असला तरी मावशी जिथे राहतात तिथे अर्ज करता येतो, आणि इंदुरात कुटुंब न्यायालय असल्याने तो तिथे जातो. चार घरची भांडी घासून थोडे पैसे हातात येतात म्हणून हा हक्क जात नाही.

घाई का करायची तेही सांगते. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे अर्जाच्या आधीचे महिने गेले ते गेले. घटस्फोटाच्या विचारात मावशी जितके दिवस बसतील, तितके मुलांचे पैसे बुडतील. तेव्हा उद्या सकाळी त्या कामाला येतील तेव्हा त्यांना बसव आणि सरळ सांग: “मावशी, मी मागे सांगितलं ते चुकीचं होतं. घटस्फोट घ्यावा लागत नाही. आपण दोघी कोर्टातल्या विधी सेवेच्या ऑफिसात जाऊ.” लांबलचक माफी मागू नकोस. त्यांना तुझी टोचणी ऐकायची नाहीये, बरोबर माहिती हवीये.

ते ऑफिस म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. हिंदीत पाटी असते ‘जिला विधिक सेवा प्राधिकरण’. ते जिल्हा न्यायालयात असतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, आणि त्याचं कलम १२ तू परीक्षेसाठी पाठ केलं असशील. आता ते मावशींच्या डोळ्यांनी वाच. स्त्री असणं एवढंच तिथे पुरेसं आहे, उत्पन्नाची अट नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस, पूर, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेले, मानवी तस्करीचे बळी, या सगळ्यांना तसाच हक्क आहे. उत्पन्नाची मर्यादा बघितली जाते ती या यादीत न बसणाऱ्यांची. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मावशींना तहसील कार्यालयाचे हेलपाटे घालायला लावू नकोस. कुणी मागितलाच, तर नम्रपणे कलम १२ दाखव. अर्ज स्वतः लिहिता आला नाही तरी अडत नाही. तिथल्या माणसाने विचारून भरून घ्यायचा असतो आणि अंगठाही चालतो. घरून विचारायचं असेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

वकील मिळाला की मावशींना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेव: या वकिलांना मावशींकडून पैसे घेता येत नाहीत. त्यांचं मानधन प्राधिकरण देतं. कोर्ट फी, नकला, नोटिशीचा खर्च हेही विधी सेवेतच धरलेलं आहे. ‘टायपिंगचे’, ‘मुंशीचे’ म्हणून कुणी हात पुढे केला, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे सांगायचं. हे सांगताना मावशी घाबरतील की वकीलसाहेब रागावले तर? म्हणून हे बोलणं त्यांनी एकटीने करायला नको. तू सोबत रहा.

आता थोडं कडक बोलते. तुझ्या पत्रात मावशींचं पूर्ण नाव, त्यांची वस्ती, नवरा कोणत्या कारखान्यात आहे, सगळं लिहिलं होतंस. मी ते छापण्याआधी काढलं. तुझा हेतू चांगला होता, पण ती माहिती तुझी नव्हती. माणूस आपली अडचण सांगतो तेव्हा ती त्याच्याकडेच राहायला हवी, ही या कामाची पहिली शिस्त. मैत्रिणीला नाही, घरच्यांनाही नाही, आणि स्टेटसवर तर मुळीच नाही. मावशी तुमच्याच घरी काम करतात. त्यांच्या नवऱ्याची भानगड तुझ्या आईने त्यांच्यासमोर काढली, तर त्या पुन्हा तुझ्याशी मोकळं बोलणार नाहीत.

विद्यार्थी काय करू शकतो या प्रश्नाची एक बाजू कायद्यानेच आखून दिलीय. अधिवक्ता अधिनियम १९६१ नुसार सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेला वकीलच वकिली करू शकतो, आणि अधिकार नसताना कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सल्ला देणं, नोटीस पाठवणं, अर्जावर सही करणं ही तुझी कामं नाहीत. मोबाइलवर वाचून उत्तर द्यायचा मोह तुला झाला, तसा तो तुझ्या वयाच्या प्रत्येकाला होतो. त्याऐवजी एक वाक्य सवयीचं कर: “मी अजून विद्यार्थी आहे, वकिलांना विचारून परवा सांगते.” आणि परवा नक्की सांग.

पण सल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे इतकं काम आहे की तिथे माणसंच सापडत नाहीत. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या (यादीतल्या) वकिलाकडे एका सकाळी पाच-सहा पेश्या, म्हणजे सुनावण्या, असतात. पक्षकार कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला पहिल्यांदा भेटते, दहा मिनिटं बोलते, आणि तेवढ्यात सांगून झालेल्यावर अर्ज तयार होतो. मग उलटतपासणीत विचारतात, “ही गोष्ट तुम्ही अर्जात का लिहिली नाही?” ती बिचारी म्हणते, “मला कुणी विचारलंच नाही.” हे मी फार वेळा ऐकलंय. विद्यार्थ्याचं खरं काम इथे आहे.

मावशींसोबत दोन तास काढ. पहिला अर्धा तास वही उघडू नकोस. त्या आधी सासूबद्दल बोलतील, मग धाकट्याच्या तापाबद्दल, मग पुन्हा सासूबद्दल. बोलू दे. त्यातच तारखा दडलेल्या असतात. ‘गणपतीत आम्ही सोबत होतो, दिवाळीत तो आला नाही’, एवढ्यावरून महिना मिळतो. दुसऱ्या तासात तारखांचा क्रम लाव: लग्न, मुलांचे जन्म, घर सोडलं तो दिवस, शेवटचे पैसे दिले तो दिवस, मध्ये समाजाच्या बैठकीत काही ठरलं असेल तर ते. लिहून झालं की त्यांना वाचून दाखव. “असंच ना?” असं विचारल्यावर माणूस हमखास एखादी गोष्ट दुरुस्त करतो, आणि बहुधा तीच महत्त्वाची असते. त्या आपापसात माळवी किंवा निमाडी बोलत असतील, तर त्यांचे शब्द तसेच लिही. सुधारून कोर्टाची हिंदी करू नकोस, ते वकील करतील.

मग कागद. रजनेश निकालानेच पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र देणं ठरवून दिलंय. गरीब बाईची बाजू इथेच लंगडी पडते. तिच्याकडे पगाराची चिठ्ठी नसते, म्हणून वकील घाईत मोघम काहीतरी भरतो. तू बसून हिशेब काढ: किती घरी काम, कुणाकडून किती, खोलीचं भाडं, गॅस, शाळेची फी, बसचं भाडं, औषधं. फीची पावती, भाड्याची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, जे असेल ते. नवऱ्याच्या बाजूने कारखान्याचं नाव, हुद्दा, गाडी कुणाच्या नावावर, गावाकडे शेत असेल तर त्याचा खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा. आधार कार्ड आणि समग्र आयडीवर (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकावर) नाव वेगवेगळं असेल तर तेही आधीच टिपून ठेव, नाहीतर ऐन वेळी बाबू फाइल परत करतो. मूळ कागद तुझ्याकडे ठेवू नकोस. छायाप्रत काढायची, मूळ तिथल्या तिथे परत.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर आपल्याच शहरातला एक खटला आठव. १९७८ मध्ये शाहबानो बेगम यांनी इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पोटगीचा अर्ज केला. वय ६२, नवरा स्वतः वकील. त्याची वकिलीची कमाई वर्षाला सुमारे ६०,००० रुपये आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मागणी महिन्याला ५०० रुपयांची. १९७९ मध्ये मंजूर झाले महिना २५ रुपये. उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचं अपील फेटाळलं. कॉलेजात या निकालाच्या पुढचं राजकारण शिकवतात. मला त्यातला २५ चा आकडा छळतो. महिना २५ रुपयांवर एक म्हातारी बाई कशी जगेल, हा विचार त्या पहिल्या पायरीवर पुरेसा झाला नव्हता. ज्यांच्यासाठी पुढे कुणी लढत नाही, त्यांचं प्रकरण त्या पहिल्या आकड्यावरच संपतं.

आणि हुकूम झाल्यावर तर सगळ्यांनाच वाटतं, जिंकलो. कलम १४४ मध्ये एक अट आहे, ती मावशींना आत्ताच समजावून सांग. नवऱ्याने रक्कम थकवली, तर वसुलीच्या वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. बायका वाट बघतात, तो ‘देतो देतो’ म्हणतो, वर्ष उलटतं आणि त्या महिन्यांची या कलमाखालची वसुली हातातून जाते. हुकूम कपाटात राहतो. कुणीतरी दर महिन्याला एक फोन केला असता, “मावशी, आले का पैसे?”, तर ते पैसे वाचले असते. तो फोन करायला सनद लागत नाही. अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचंही तसंच. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाल द्यावा असं कायदाच म्हणतो, पण नोटीस बजावली गेली की पत्ता चुकला म्हणून परत आली, हे कुणीतरी जाऊन बघावं लागतं.

म्हणून माझा तुला खरा सल्ला एवढाच आहे: दहा शिबिरांत पत्रकं वाटण्यापेक्षा एक प्रकरण घे आणि शेवटपर्यंत त्याच्या मागे रहा. अर्जापासून पैसे हातात पडेपर्यंत. पेशीला बाई गेली का, वकील आले का, पुढची तारीख काय, का वाढली, हे लिहीत रहा. शिबिरं निरुपयोगी नाहीत, पण शिबिरात माणसाला हक्क कळतो आणि दुसऱ्या दिवशी तो एकटा खिडकीसमोर उभा असतो.

मोफत वकील म्हणजे कसाबसा वकील, हा समज आपल्या व्यवसायातसुद्धा मुरलाय, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. त्याची किंमत काय होते ते आपल्या शेजारच्या खंडव्याच्या खटल्यात दिसलं. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, २०१९. आरोप अतिशय गंभीर होता, आणि शिक्षा झाली होती फाशीची. आरोपीला सरकारी खर्चाने वकील ज्या दिवशी मिळाला, त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले, आणि सगळा खटला दोन आठवड्यांच्या आत उरकला गेला. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. सोबत नियम घालून दिला की जिथे जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथे निदान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील नेमावा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत. आरोपी कितीही नकोसा वाटो, त्याच्या बाजूचे कागद कुणीतरी नीट वाचलेच पाहिजेत. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणाने मोफत वकील हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग आहे हे सांगितलं, १९८६ च्या सुक दास प्रकरणाने आरोपीने मागितला नाही म्हणून तो नाकारता येत नाही हे सांगितलं. खंडव्याच्या निकालाने त्यापुढचं सांगितलं, की नुसता काळा कोट उभा करून भागत नाही.

आता तुमच्या कुलूपबंद खोलीकडे येते. वकिली आणि विधी शिक्षणाचं नियमन करणाऱ्या बार काउन्सिलचे २००८ चे विधी शिक्षणाचे नियम ग्रंथालयात असतील, ते काढ. प्रत्येक संस्थेने ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून चालवलं जाणारं विधी सहाय्य केंद्र उघडलं पाहिजे आणि चालवलं पाहिजे, असं त्यात म्हटलंय. ‘चालवलं’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढ. पण प्राचार्यांकडे हा नियम तलवारीसारखा घेऊन जाऊ नकोस. चौथ्या-पाचव्या वर्षाची चार मुलं-मुली जमव आणि एक पानाचा अर्ज दे: दर शनिवारी ११ ते २, फलाणे सर देखरेखीला तयार आहेत, प्राधिकरणाकडून एक पॅनेल वकील महिन्यातून दोनदा मिळावा म्हणून पत्र पाठवायचं आहे. खोलीची किल्ली मागायची आणि जबाबदारीची सही करायची. प्राचार्यांना नाही म्हणायला कारणच सापडू नये. अर्जाची पोच मात्र घे.

खरं सांगू का, त्या खोलीत कुणी येणार नाही. कामावरून सुटलेली बाई कॉलेजच्या गेटमधून आत यायला धजावत नाही, शिपाई अडवतो. एक वस्ती निवडा आणि तिथल्या अंगणवाडीत नाहीतर मंदिराच्या ओट्यावर, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बसा. पहिले काही आठवडे लोक विचारतील ते कायद्याचं वाटणारही नाही: समग्र आयडीत मुलाचं नाव चढलं नाही, विधवा पेन्शन बंद झाली, रेशन मिळत नाही. तेच करा. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिका, शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. पेन्शनचं काम करून दिलंत की तीच बाई महिन्याभराने सुनेच्या डोक्यावरचा वळ दाखवायला येईल. एक रजिस्टर ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते हातात मिळालं पाहिजे, नाहीतर तुम्ही पास झालात की लोकांची कामं अधांतरी राहतात. हा दोष विद्यार्थ्यांच्या बहुतेक सगळ्या उपक्रमांत असतो. परीक्षेच्या महिन्यात कोण बसणार हे आधी ठरलेलं नसेल, तर सुरूच करू नका.

तुला स्वतःला प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे लोकांना कायदेशीर मदतीपर्यंत पोचवणारा स्वयंसेवक, म्हणूनही नाव देता येतं. आता त्यांना ‘अधिकार मित्र’ म्हणतात. कायद्याचे विद्यार्थी सनद घेईपर्यंत त्यात असू शकतात, आणि प्रशिक्षण प्राधिकरणच देतं. तिथून परवानगीने तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रात जायला मिळालं तर सोडू नकोस. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चं गणित तिथे हातात येतं: पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असलेले यात येत नाहीत. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. घरातल्या चोरीला सात वर्षं, म्हणजे दोन वर्षं चार महिने. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची आहे, पण कोणती कलमं लागलीत, अटक कधीची, आधीची शिक्षा आहे का, हे कागद जुळवून देणारं कुणी असेल तर तो माणूस वेळेवर सुटतो.

जामीन मिळूनही आत राहिलेले लोक भेटतील. झाबुआ-अलीराजपूरहून बांधकामावर आलेला मजूर. त्याला इंदुरात जामीनदार कुठून मिळणार? १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात हेच झालं होतं. गरीब गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्वतःच्या १,००० रुपयांच्या बंधपत्रावर सोडायला लावलं. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी लोक तसेच अडकतात, म्हणून २०२३ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने सांगितलं की जामिनाचा हुकूम होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, सचिवांनी वकील किंवा व्हॉलंटियर पाठवून कारण शोधावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. कारण शोधायला जो व्हॉलंटियर जाईल, ती तू असू शकतेस.

शेवटी बाबांचा प्रश्न. तो पैशाचा असला तरी क्षुद्र नाही. घर चालवणाऱ्या माणसाला तो पडणारच, तेव्हा बाबांशी भांडू नकोस, माहिती दे. विधी सहाय्य आणि प्रो बोनो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विधी सहाय्यात पक्षकाराला मोफत असलं तरी वकिलाला प्राधिकरण मानधन देतं. ते कमी असतं आणि उशिरा येतं, हे मी लपवणार नाही. पॅनेलवर यायला साधारण तीन वर्षांची वकिली लागते. २०२२ पासून फौजदारी प्रकरणांसाठी लीगल एड डिफेन्स काउन्सिल ही व्यवस्था आलीय. त्यात वकील पूर्णवेळ हेच काम करतात, दरमहा ठरलेलं मानधन मिळतं, आणि सहायकाच्या जागी नव्या वकिलांनाही घेतात. प्रो बोनो म्हणजे तू तुझ्या मर्जीने, स्वतःच्या प्रॅक्टिसमधून, फी न घेता घेतलेलं काम. केंद्र सरकारच्या न्याय विभागाची ‘न्याय बंधु’ योजना २०१७ पासून असे वकील आणि गरजू लोक यांची गाठ घालते, आणि लॉ कॉलेजांत प्रो बोनो क्लबही त्याच योजनेतून निघालेत. तुमच्याकडे आहे का ते विचार.

बार काउन्सिलच्या आचारनियमांतला ४६ वा नियम बाबांना वाचून दाखव. गरिबांना आणि पीडितांना मोफत मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असं तो म्हणतो, आणि त्याच वाक्यात ‘स्वतःच्या आर्थिक स्थितीच्या मर्यादेत’ हेही म्हणतो. कुणी तुला उपाशी राहायला सांगत नाहीये. सुरुवातीच्या वर्षांत एका वेळी दोन फाइली मोफत घे, बाकी फी घेऊन काम कर, आणि चांगली फी घे. मी अशी माणसं पाहिली आहेत जी संकोचाने सगळ्यांनाच फुकट करत सुटतात आणि मग दमून कुणाच्याच पेशीला वेळेवर पोचत नाहीत. त्यात गरिबाचंच नुकसान होतं.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तुला एकूण २० आठवडे इंटर्नशिप करायचीच आहे, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे बाबांचंही ऐकता येईल. एक सत्र पुण्याच्या फर्ममध्ये कर, तिथे मसुदा कसा नेटका लिहितात ते शिक. करारातलं एक कलम चौथ्यांदा तपासायची सवय लाव आणि तीच सवय मावशींच्या शपथपत्राला वापर. एक सत्र इंदूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, त्यासाठी सचिवांकडे आत्ताच अर्ज दे. आणि एक सत्र कनिष्ठ न्यायालयात रोज उभं राहणाऱ्या वकिलाकडे. बाबांना हेही सांग की मोठ्या चेंबरमध्ये नव्या मुलीला वर्षानुवर्षं तारीख मागण्यापलीकडे काही मिळत नाही. पॅनेलच्या फाइलीत उलटतपासणी तुझी स्वतःची असते.

मावशींना घेऊन जाशील तेव्हा लग्नाचा एखादा फोटो किंवा पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, आधार आणि नवऱ्याचा शेवटचा ठाऊक असलेला पत्ता एवढं बरोबर असू दे. त्या दिवशी त्यांचा खाडा होईल. तो पगारातून कापू नये असं आईला आधीच सांगून ठेव.

तुझी,
वकील काकू